अगरू : गंधपूजेचा इतिहास आणि गंधाचे मोल

आपल्या विहारांत वंदनेच्या आरंभी भगवान बुद्धांच्या मूर्तीसमोर व बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या प्रतिमेसमोर फुले वाहतात, मेणबत्ती पेटवितात आणि उदबत्ती लावतात. धूपाची स्वतंत्र गाथा आपल्या पूजापाठात आहे व ती लहान मुलांनाही मुखोद्गत असते. परंतु 'उदबत्ती' या शब्दाचा अर्थ विचारला तर मोठी माणसेही क्षणभर थांबतात. उदबत्तीतील 'ऊद' हा अरबी शब्द आहे. अगरबत्तीतील 'अगर' हा संस्कृत-प्राकृत परंपरेतून आलेला आहे. दोन्ही शब्द मुळात एकाच वस्तूचे वाचक आहेत. ती वस्तू म्हणजे अगरू वृक्षाचे काळवंडलेले, राळेने भरलेले लाकूड. आज आपण जी काडी पेटवितो तिच्यात बांबूची काडी, कोळशाची पूड, चिकटपणासाठी जिगट आणि बहुधा कृत्रिम सुवास एवढेच असते. निखाऱ्यावर टाकण्यासाठी 'ऊद' म्हणून जो मिळतो तोही बहुतेक वेळा लोबान किंवा राळ असतो. नाव राहिले आणि वस्तू गेली, असा हा प्रकार आहे.

बुद्धमूर्तीसमोर धूप जाळणे धम्माला धरून आहे काय, की तो ब्राह्मणी कर्मकांडाचाच एक अवशेष आहे, असा वाद आपल्या उपासकांत अधूनमधून होतो. 'होय' किंवा 'नाही' एवढ्या उत्तराने तो मिटत नाही. जो गंध बौद्ध जगात शतकानुशतके सर्वश्रेष्ठ मानला गेला तो कोठून आला, कोणी आणला आणि त्याचे मोल कोणी चुकविले, हे पाहिले तर या वादाकडे पाहण्याची आपली दृष्टी थोडी बदलेल, असे आम्हांस वाटते.

प्रथम वृक्षाविषयी. अगरूच्या जाती ईशान्य भारतापासून म्यानमार, थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम, दक्षिण चीन, मलाया, सुमात्रा व बोर्निओपर्यंतच्या उष्ण आणि पावसाळी अरण्यांत वाढतात. आसामातील जातीला वनस्पतिशास्त्रात 'ॲक्विलारिया मलाक्केन्सिस' म्हणतात. या झाडाचे निरोगी लाकूड फिकट, हलके आणि जवळजवळ गंधहीन असते. त्याला सुगंध येतो तो दुखापतीमुळे. खोडात अळी शिरते, फांदी मोडते किंवा घाव बसतो. त्या जखमेतून बुरशी आत जाते. आणि तिला अडविण्यासाठी झाड स्वतःच्या गाभ्यात राळयुक्त द्रव्य साठवू लागते. वर्षानुवर्षे, कधी दशकानुदशके ही क्रिया चालते आणि तेवढा भाग काळा, तेलकट व जड होतो. तोच अगरू. आत राळ आहे की नाही हे बाहेरून निश्चित सांगता येत नाही. अरण्यातील थोड्याच झाडांत ती असते. म्हणून शोधणारा मनुष्य अनेक झाडे पाडतो, आणि त्यांतील बहुसंख्य झाडे व्यर्थ पडतात.

संस्कृतात 'अगुरु' म्हणजे 'जड नव्हे ते' अशी फोड केली जाते. वस्तुस्थिती मात्र उलट आहे. उत्तम अगरू इतका जड असतो की तो पाण्यात बुडतो. चिनी भाषेतील त्याच्या नावाचा अर्थच 'बुडणारा सुगंध' असा आहे. तमिळमध्ये या लाकडाला 'अकिल' म्हणतात. संस्कृतातील 'अगुरु' हा बाहेरून आलेला शब्द असावा व त्याची फोड पंडितांनी मागाहून बसविली असावी, असे अनेक भाषाशास्त्रज्ञांचे मत आहे. ते आम्हांस पटते. शब्द वस्तूबरोबर आला, आणि वस्तू मध्यदेशाची नव्हतीच.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील दुसऱ्या अधिकरणात कोशात घ्यावयाच्या मौल्यवान वस्तूंची जी परीक्षा सांगितली आहे तीत चंदनामागोमाग अगरू येतो. त्याचे जोंगक, दोंगक आणि पारसमुद्रक असे तीन प्रकार तेथे दिले आहेत. पारसमुद्रक म्हणजे समुद्रापलीकडून येणारा. वजनदार, स्निग्ध, दूरवर पसरणाऱ्या नाजूक गंधाचा, आग सोसणारा व घासल्यानेही गंध न सोडणारा अगरू उत्तम, असे तेथील वर्णन आहे. राजाच्या कोशात माणिक-मोत्यांच्या पंक्तीला बसणारी ही वस्तू होती, सामान्य गृहस्थाच्या घरातील नव्हे.

आता पाली वाङ्मयाकडे वळू. 'अगरु', 'अगलु', 'अकलु' ही रूपे जातककथांत व अट्ठकथांत आढळतात. परंतु जेथे सुगंधाची उपमा देऊन शील सांगितले आहे त्या धम्मपदाच्या पुष्पवग्गात चंदन, तगर, कमळ आणि जुई यांची नावे आहेत; अगरूचे नाही. तगर म्हणजेच अगरू असे काही सुलभ पुस्तकांत छापलेले असते, ते चूक आहे. तगर हे सुगंधी मुळांचे झुडूप आहे, अगरू हा उंच वृक्ष आहे. अंगुत्तर निकायात मूळगंधांत काळानुसारी, सारगंधांत लोहितचंदन आणि पुष्पगंधांत वस्सिका श्रेष्ठ म्हटली आहे. सारगंध म्हणजे गाभ्याच्या लाकडाचा गंध. ज्या वर्गात अगरू यावयाचा त्या वर्गात मान चंदनाला दिला आहे. भगवंतांच्या चारिकेच्या प्रदेशात श्रोत्यांच्या ओळखीचे लाकूड कोणते होते, हे यावरून कळते.

विनयाची भूमिका तर स्पष्ट आहे. माला, गंध व विलेपन यांपासून विरत राहण्याचे शिक्षापद श्रामणेरांच्या दहा शीलांत आहे आणि उपोसथाच्या दिवशी उपासकही ते पाळतात. तरीही विनय हा आंधळा निषेध नव्हे. महावग्गाच्या भेसज्जक्खंधकात डोळ्यांच्या अंजनात मिसळण्यासाठी चंदन, तगर, काळानुसारी, तालीस व भद्रमुस्ता या सुगंधी द्रव्यांना अनुमती आहे. डोकेदुखी इतर उपायांनी न थांबल्यास औषधी धूर घेण्याचीही आहे. गंध औषध म्हणून चालतो, मिरविण्यासाठी चालत नाही, हा तो विवेक आहे.

महापरिनिब्बान सुत्तातील प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. कुशिनारा येथे शालवृक्षांच्या जोडीखाली तथागत पहुडले असता अकाली फुले बरसतात, दिव्य चंदनचूर्ण पडते. त्या वेळी भगवंत आनंदांना सांगतात की एवढ्याने तथागतांचा खरा सत्कार होत नाही. जो धम्मानुसार आचरण करतो तो तथागतांचा सत्कार करतो. त्याच सुत्तात पुढे मल्लांनी सर्व प्रकारच्या सुगंधी द्रव्यांची चिता रचल्याचे वर्णन आहे. एकाच ग्रंथात ही दोन चित्रे शेजारी आहेत, आणि बौद्ध जगाने पुढे दोन्ही जपली. कोणते चित्र अधिक जपले हे इतिहास सांगतो.

महाराष्ट्रातील लेण्यांत या गंधव्यापाराची एक लहानशी परंतु ठोस खूण आहे. कार्ले येथील चैत्यगृहाच्या लेखांत धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या 'गंधिका'ने म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने दाराचे दान दिल्याची नोंद आहे. तो अगरू विकत होता असे लेखात म्हटलेले नाही आणि आम्हीही म्हणणार नाही. परंतु गंधाचा धंदा करणारा मनुष्य चैत्याचे दार देण्याइतका संपन्न होता व आपला व्यवसाय नावासोबत अभिमानाने कोरवीत होता, एवढे निश्चित. यजमान राजाचाच असावा लागतो असे ज्या धर्मात नव्हते, त्या धम्माचा हा पुरावा आहे. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातील वाकाटक हरिषेणाच्या काळातील, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकातील लेखात पश्चिमेकडील एका भव्य 'गंधकुटी'चा उल्लेख आहे. ती एकोणिसावे लेणे होय असे विद्वान मानतात. गंधकुटी हे मुळात जेतवनातील भगवंतांच्या निवासाचे नाव. पुढे बुद्धमूर्तीच्या गाभाऱ्यालाच ते नाव मिळाले.

सहाव्या शतकाच्या मध्यास कॉस्मस नावाच्या ग्रीक भाषिक लेखकाने लिहिले आहे की रेशीम, अगरू, लवंग व चंदन ही पूर्वेकडील देशांतून सिंहलद्वीपात येतात आणि तेथून अलीकडच्या बाजारपेठांत जातात. त्या पेठांत त्याने कल्याणचे नाव घेतले आहे. त्यापूर्वीची काही शतके ज्या कल्याणच्या दात्यांनी कान्हेरीला दाने दिली, तेच हे कल्याण.

सातव्या शतकात मूर्तिपूजेतील गंधाचे स्थान पक्के झालेले दिसते. इ. स. 671 मध्ये चीनहून निघालेला भिक्षू इत्सिंग नालंदेत सुमारे दहा वर्षे राहिला. मूर्तिस्नानाचे वर्णन करताना तो सांगतो की चंदन किंवा अगरू यांसारखे सुगंधी लाकूड सपाट दगडावर पाण्याने उगाळून चिखलासारखा लेप करतात, तो मूर्तीला लावतात व नंतर पाण्याने धुतात. त्याच शतकाच्या पूर्वार्धात कामरूपचा राजा भास्करवर्मा याने हर्षवर्धनाकडे हंसवेग नावाच्या दूताबरोबर भेटी पाठविल्या. बाणाच्या हर्षचरितातील त्या यादीत बांबूच्या जाड नळ्यांत भरलेले काळ्या अगरूचे तेल आहे, काळ्या अगरूचे गठ्ठे आहेत, आणि अगरूच्या सालीच्या पानांवर लिहिलेली सुभाषितांची पुस्तके आहेत. या शेवटच्या वस्तूकडे आम्ही पुन्हा येणार आहोत. ह्युएन त्संग याच भास्करवर्म्याच्या निमंत्रणावरून कामरूपास गेला होता, आणि तेथे तोवर एकही संघाराम उभारला गेला नाही, असे त्याने नोंदविले आहे. बुद्धमूर्तीला लागणारा गंध ज्या अरण्यातून येत होता, तेथे त्याला बुद्धाचा संघ आढळला नाही!

पूर्वेकडे या गंधाचा मान आणखी वाढला. जपानच्या प्राचीन इतिवृत्तात इ. स. 595 साली अवाजी बेटाच्या किनाऱ्याला एक लाकूड वाहत आल्याची नोंद आहे. बेटावरच्या लोकांनी ते सरपण म्हणून चुलीत घातले, दूरवर सुगंध पसरला, तेव्हा ते त्यांनी राजदरबारात नेऊन दिले. विनय शिकविण्यासाठी जपानला जाऊ पाहणारे चिनी महास्थविर जियानझेन यांच्या इ. स. 743 च्या फसलेल्या प्रवासातील सामानाच्या यादीत अगरू होता. पुढे दृष्टी गेल्यावरही ते इ. स. 753 मध्ये जपानला पोहोचलेच. नारा येथील तोदाइजी विहाराच्या शोसोइन भांडारात 'रांजाताई' नावाचा अगरूचा एक ओंडका आहे. त्याची लांबी 156 सेंटिमीटर, वजन सुमारे 11.6 किलो. आशिकागा योशिमासा, ओदा नोबुनागा आणि सम्राट मेइजी यांनी त्याचे तुकडे कापून घेतले, त्या त्या जागी नावांच्या चिठ्ठ्या लावलेल्या आहेत. बुद्धाला वाहिलेला गंध सत्ताधीशांनी आपल्या सत्तेची खूण म्हणून कसा वापरला, हे पाहावयास याहून बोलका पुरावा नको.

परंतु हे सर्व घेणाऱ्यांचे वर्णन झाले. अरण्यात कोण जात होते? याचे उत्तर हायनान बेटाच्या इतिहासात मिळते, आणि प्रस्तुत लेख लिहिण्याचे कारणही तेच आहे.

चीनच्या दक्षिण टोकाजवळच्या या बेटावर डोंगरात ली नावाचे आदिवासी राहतात. अगरू त्यांच्या अरण्यात होता. सुंग राजवटीत चिनी कवी व अधिकारी सू शी, ज्याला सू तुंगपो असेही म्हणतात, इ. स. 1097 ते 1100 या काळात या बेटावर हद्दपारीत होता. तेथे त्याने जे पाहिले ते त्याने एका लहान टिपणात लिहून ठेवले. मुख्य भूमीवरील व्यापारी बैल जहाजांत भरून बेटावर आणीत. एका जहाजात शंभर बैल. वारा प्रतिकूल असला तर वाटेत तहानेने, भुकेने आणि एकमेकांखाली चेंगरून कितीतरी मरत. जहाजावर चढताना बैल हंबरत व डोळ्यांतून पाणी गाळीत. बेटावर उतरलेल्यांपैकी निम्मे नांगराला जात आणि निम्मे सुरीखाली. तेथील लोक आजारात औषध घेत नसत, देवऋषी सांगेल तसा बैल कापीत. श्रीमंत माणूस दहा-दहा बैल कापी. रोगी मेला तर कोणी काही बोलत नसे, वाचला तर यश देवऋषीचे. आणि ली लोक अगरू देत ते बैलांच्याच बदल्यात. मिळालेले बैलही ते भुताखेतांना बळी देत. सू शी पुढे जे लिहितो त्याचा आशय असा : चीनमधील लोक हा अगरू बुद्धाला वाहतात, देवाला जाळतात आणि पुण्य मागतात, हे तर बैलाचे मांस जाळणे झाले, त्यातून कोणते पुण्य लाभणार?

त्याने हे टिपण बैलाविषयीच्या एका जुन्या काव्याच्या प्रतीसोबत बेटावरील एका बौद्ध भिक्षूला दिले. भिक्षूने ते गावातील समंजस लोकांना समजावून सांगावे, म्हणजे ही प्रथा थोडी तरी कमी होईल, अशी त्याची आशा होती. सू शी स्वतः अगरूचा शौकीन होता, हेही सांगितले पाहिजे. धाकट्या भावाच्या साठाव्या वर्षी त्याने त्याला डोंगराच्या आकाराचा अगरूचा तुकडा भेट दिला होता व त्यावर काव्यही रचले होते. तरीही बैलांच्या जहाजाकडे पाहून तो गप्प बसला नाही. पुढे इ. स. 1175 च्या सुमारास फान छंगता या अधिकाऱ्याने हाच सौदा आकड्यांत लिहिला : एका बैलाला एक भार अगरू, आणि त्यात पाण्यात बुडणारा उत्तम माल दहात एक-दोन भागही निघत नाही.

ली लोकांना दोष देऊन येथे थांबता येणार नाही, असे आम्हांस वाटते. बैल कापणारा तो आणि धूप जाळणारा पुण्यवान, ही वाटणी आपल्या परिचयाची आहे. मेलेले जनावर ओढणाऱ्याला अपवित्र ठरवून त्याच्याच हातच्या चामड्याचे पखवाज देवळात वाजविणाऱ्या समाजात आपल्या पिढ्या गेल्या. सू शीने पुण्य मागणाऱ्यालाच जबाबदार धरले, म्हणून त्याचे टिपण आम्हांस मोलाचे वाटते. दीघ निकायातील कूटदंत सुत्तात भगवंत ज्या प्राचीन यज्ञाची प्रशंसा करतात त्यात गाई-बैल मारले गेले नाहीत, यूपासाठी झाडे तोडली गेली नाहीत, आणि दास व कामकरी यांनी दंडाच्या धाकाने रडत काम केले नाही. पशू, वृक्ष आणि राबणारा माणूस ही तिन्ही तेथे एका दमात मोजली आहेत. हायनानच्या अगरूला हे माप लावले तर तो पशूच्या बाबतीत उणा ठरतो. वृक्षाच्या बाबतीत कसा ठरतो, ते आपल्या काळाने दाखविले आहे.

अरबस्तानातील आखाती देशांत ऊदाची मागणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचंड वाढली आणि अरण्यांतील अगरू झपाट्याने तुटला. संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराने इ. स. 1994 मध्ये आसामी-मलायी जातीवर आणि 2004 मध्ये अगरूच्या सर्व जातींवर व्यापारनियंत्रण घातले. 2018 मध्ये ही जात 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदविली गेली. अरण्यात तो दुर्मीळ झाला तरी वरच्या आसामच्या घराघरांच्या परसात, सुपारी आणि नागवेलीच्या सोबतीने तो लावलेला दिसतो. होजाई हे त्याच्या व्यापाराचे केंद्र आहे. लाकडाचे तुकडे दीर्घकाळ पाण्यात भिजवून ते उकळतात व वाफेबरोबर येणारे तेल गोळा करतात. लागवडीच्या झाडांत कृत्रिम रीतीने बुरशी टोचून राळ निर्माण करण्याचे प्रयोगही आता सर्वत्र चालतात. लागवडीचे हे झाड पाडले तरी त्याच्या जागी दुसरे लावता येते, एवढा फरक निश्चित पडला आहे. आसाम शासनाने 2020 मध्ये आणि त्रिपुरा शासनाने 2021 मध्ये अगरूविषयी स्वतंत्र धोरणे जाहीर केली.

आता हर्षाला मिळालेल्या पुस्तकांकडे वळू. आसामात या झाडाला 'साँची' म्हणतात, आणि त्याच्या सालीच्या पानांना 'साँचीपात'. मध्य प्रदेशातील सांचीच्या स्तूपाशी या नावाचा संबंध नाही, हे येथेच सांगितलेले बरे. भास्करवर्म्याच्या काळापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत आसामचे लेखन मुख्यतः या सालीवर झाले. शंकरदेवांच्या परंपरेतील सत्रांनी आपले ग्रंथ तिच्यावर उतरविले, आहोमांनी आपल्या ताई भाषेतील बखरी तिच्यावर लिहिल्या.

एडवर्ड गेट यांनी इ. स. 1906 च्या आपल्या आसामच्या इतिहासात पाने करण्याची कृती दिली आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या झाडाची साल लांब पट्ट्यांत काढतात, आतली पांढरी बाजू बाहेर येईल अशी गुंडाळून काही दिवस उन्हात वाळवितात, फळीवर घासतात, रात्रभर दवात ठेवतात, मग वरचा पापुद्रा काढून हव्या त्या मापाचे तुकडे करतात. तुकडे तासभर थंड पाण्यात ठेवून सुरीने खरवडतात, पुन्हा वाळवितात, विटेच्या तुकड्याने घासतात. नंतर उडदाचा लेप देतात, वाळल्यावर हरताळाने पिवळा रंग देतात, आणि शेवटी संगमरवरासारखे गुळगुळीत होईपर्यंत घोटतात. शाई हिरड्यापासून करीत. हरताळ विषारी असल्याने या पानांना कीड लागत नाही. आहोम राजा शिवसिंह व राणी अंबिका यांच्या आज्ञेने इ. स. 1734 मध्ये सुकुमार बरकाथ याने लिहिलेला हत्तींच्या पालनाविषयीचा सचित्र ग्रंथ 'हस्तिविद्यार्णव' याच सालीवर आहे. त्याची चित्रे दिलबर आणि दोसाई या दोघांनी काढली, आणि ती आजही पाहावयास मिळतात.